निरुपद्रवी कोणाला? : एका तांबड्या जिवाणूची कुळकथा

वैद्यकाच्या परिभाषेत काही विशेषणे अशी आहेत की, त्यांचा अर्थ दुरुस्त होण्यासाठी माणसांना प्राण गमवावे लागले. ‘निरुपद्रवी’ हे त्यांपैकी एक. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सूक्ष्मजीवशास्त्रात जिवाणूंची ढोबळ विभागणी दोन गटांत केली जात असे : एक रोगकारकांचा आणि दुसरा निरुपद्रवींचा. पटकी, क्षय, घटसर्प यांचे जिवाणू पहिल्या गटात. माती, पाणी, शिळे अन्न आणि माणसाचे आतडे येथे सुखाने नांदणारे असंख्य जिवाणू दुसऱ्या गटात. ही विभागणी सोयीची होती आणि बहुतेकांच्या बाबतीत खरीही होती. ती मोडली कर्करोगाच्या वॉर्डात. तेथे औषधांनी ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण झाली होती अशा रुग्णांच्या रक्तात दुसऱ्या गटातले जिवाणू सापडू लागले आणि ते रुग्ण दगावू लागले.

साहित्याच्या अभ्यासकांनी या इतिहासात का लक्ष घालावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर असे की, हा इतिहास जितका जिवाणूंचा आहे तितकाच वाचनाचा आहे. एक खूण दिसते, तिचा अर्थ लावला जातो, त्या अर्थाला नाव मिळते, आणि मग त्या नावाखाली माणसे जगतात किंवा मरतात. चिन्ह आणि अर्थ यांच्या संबंधाविषयी आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. येथे तो संबंध रक्तामांसाचा आहे. म्हणूनच प्रस्तुत लेखात आम्ही एकाच जिवाणूची कुळकथा मांडणार आहोत. त्याचे आजचे शास्त्रीय नाव सेराटिया मार्सेसेन्स. न्हाणीघराच्या फरशीच्या सांध्यांत, नळाच्या तोंडाशी जो गुलाबी बुळबुळीत थर धरतो, त्यात अनेकदा हाच जिवाणू असतो. म्हणजे तो आपल्या अगदी घरचा आहे.

रक्ताळलेली भाकर

हा जिवाणू दमट आणि उबदार हवेत पिठूळ अन्नावर वाढला की प्रोडिजिओसिन नावाचे गडद तांबडे रंगद्रव्य तयार करतो. पाव, मक्याचे पिठले, उकडलेला बटाटा यांवर त्याचे ठिपके रक्ताच्या थेंबांसारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाच्या आधीच्या काळात अन्नावर असे रक्त दिसल्यावर माणसाने काय समजावे?

इसवी सनापूर्वी ३३२ मध्ये अलेक्झांडरने टायर नगराला वेढा घातला असताना सैनिकांनी पाव मोडला तेव्हा आतून रक्त पाझरल्यासारखे दिसले, असे प्राचीन इतिहासकार सांगतात. सैन्य घाबरले. तेव्हा अरिस्टँडर नावाच्या शकुनज्ञाने अर्थ सांगितला की, रक्त पावाच्या बाहेर असते तर तो अपशकुन आपल्याला असता. ते आत आहे, म्हणून नाश नगराच्या आत असलेल्यांचा होणार. सैन्याला धीर आला आणि पुढे टायर पडले. येथे खूण एकच होती, अर्थ दोन संभवत होते, आणि जो अर्थ सत्तेच्या कामाचा होता तो टिकला.

पुढची प्रसिद्ध कथा १२६३ सालची, इटलीतील बोल्सेना या गावची. ख्रिस्ती धर्मविधीत पुरोहिताने अभिमंत्रित केलेला पाव प्रत्यक्ष ख्रिस्ताचा देह होतो, अशी कॅथलिक श्रद्धा आहे. या तत्त्वाविषयी मनात किंतु असलेला बोहेमियाचा एक पुरोहित बोल्सेनात विधी करीत असता त्या पावातून रक्त वाहू लागले, अशी आख्यायिका आहे. पोप चौथा अर्बन त्या वेळी जवळच्या ऑर्व्हिएतो येथे होता. १२६४ मध्ये त्याने ‘ख्रिस्तदेहा’चा सण सर्व चर्चसाठी जाहीर केला. १५१२ च्या सुमारास राफाएलने हाच प्रसंग व्हॅटिकनच्या भिंतीवर चितारला. ते रक्त म्हणजे आपला तांबडा जिवाणू असावा, असे अनेक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी सुचविले आहे. सुचविणे आणि सिद्ध करणे यांत अंतर आहे, हे आपण विसरू नये. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या ठिपक्याची तपासणी कोणी करू शकत नाही.

तथापि या चमत्काराला एक काळी बाजू होती. पवित्र पावातून रक्त येते, म्हणजे त्याला कोणीतरी भोसकले असले पाहिजे, असे अनुमान मध्ययुगीन युरोपात काढले जाऊ लागले आणि संशयित ठरविण्यासाठी ज्यू समाज हाताशी होताच. ‘पावाची विटंबना’ या आरोपाखाली शतकानुशतके ज्यूंच्या कत्तली झाल्या. १५१० मध्ये बर्लिनला अशाच एका खटल्यात ३८ ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. यांतल्या प्रत्येक ठिकाणी जिवाणू होताच असे मुळीच नाही. पुष्कळ ठिकाणी तांबडा ठिपकाही नव्हता, नुसता आरोप होता आणि छळ करून मिळविलेला कबुलीजबाब होता. परंतु ‘अन्न रक्ताळते’ हा लोकानुभव मुळात नसता, तर त्या आरोपाला एवढी सहज श्रद्धा लाभली असती का, हा प्रश्न उरतोच. १८४८ मध्ये त्याच बर्लिनमध्ये ख्रिस्तिआन एहरेनबेर्ग या निसर्गशास्त्रज्ञाने बटाट्यावरचे तांबडे डाग सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि इतिहासातील अशा रक्तखुणांची जंत्री करून त्यांच्यामागे हाच जीव असावा, असे मांडले. त्याने या जीवाला जे नाव दिले त्यातला ‘प्रोडिजिओसा’ हा शब्द ‘अद्‌भुत’ या अर्थाचा आहे. म्हणजे चमत्कार नाकारणाऱ्यानेच चमत्काराची आठवण नावात जपून ठेवली.

नामकरणाचे राजकारण

एहरेनबेर्गच्या आधी या जीवाला एक नाव मिळालेले होते. १८१९ च्या उन्हाळ्यात पाद्‌व्हाजवळच्या लेन्यारो गावी एका शेतकऱ्याच्या घरी पोलेंता, म्हणजे मक्याच्या पिठाचे घट्ट पिठले, तांबडे पडू लागले. ताज्या पोलेंतावरही दुसऱ्या दिवशी रक्ताचे थेंब दिसत. गावात भीती पसरली. हा देवाचा कोप आहे, असे लोक म्हणू लागले. बार्तोलोमेओ बिझिओ हा औषधनिर्माणशास्त्राचा अभ्यास करणारा तरुण आणि व्हिन्चेन्झो सेत्ते हा डॉक्टर यांनी स्वतंत्रपणे या प्रकाराचा शोध घेतला. तांबडेपणा सजीव आहे, तो एका अन्नावरून दुसऱ्या अन्नावर नेता येतो आणि दमट उबेत वाढतो, हे त्यांनी दाखवून दिले. सेत्तेने तर गावातील धर्मगुरूच्या घरीच पोलेंतावर हे ‘रक्त’ उगवून दाखविले. शेतकऱ्याच्या कुटुंबावरचा पापाचा संशय फिटला. युक्तिवाद करून श्रद्धेशी झगडण्यापेक्षा धर्मगुरूच्याच स्वयंपाकघरात प्रयोग करण्याचे हे चातुर्य आम्हाला फार मोलाचे वाटते.

१८२३ मध्ये बिझिओने या जीवाला, त्याच्या मते ती एक बुरशी होती, ‘सेराटिया मार्सेसेन्स’ असे नाव दिले. पहिला शब्द सेराफिनो सेराटी या इटालियन पदार्थविज्ञ्याच्या स्मरणार्थ. सेराटीने वाफेची नौका इतरांच्या आधी चालविली आणि त्याचे श्रेय परक्यांनी नेले, असे बिझिओला वाटत होते. बोटीचे श्रेय हुकलेल्या माणसाचे नाव एका तांबड्या बुरशीला देऊन त्याने देशबांधवाची भरपाई केली. दुसरा शब्द लॅटिन आहे, कोमेजणे किंवा विरून जाणे या अर्थाचा. कारण तो तांबडा रंग लवकर उडतो. म्हणजे या नावात एक तक्रार आहे आणि एक निरीक्षण आहे. जिवाणूच्या स्वभावाविषयी फार थोडे आहे. पुढे शंभर वर्षे ‘प्रोडिजिओसस’ हेच नाव अधिक रुळले. १९२० च्या दशकात अग्रक्रमाच्या न्यायाने बिझिओचे नाव परत आणले गेले. अद्‌भुताचा उल्लेख गेला, कोमेजण्याचा राहिला.

आज्ञाधारक जिवाणू

विज्ञानाने चमत्कार मोडून काढल्यावर हा जिवाणू भयंकर उरला नाही. तो उपयोगी झाला. त्याच्या तांबड्या वसाहती नुसत्या डोळ्यांना दिसतात, तो सहज वाढतो, आणि त्याने कोणाला काही होत नाही, असा समज. तेव्हा जंतू हवेतून, हातांवरून, नळ्यांमधून कसे पसरतात हे पाहण्यासाठी तो खूण म्हणून वापरला जाऊ लागला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ मर्विन गॉर्डन याने पार्लमेंटच्या सभागृहातील हवेचा अभ्यास करताना या जिवाणूच्या द्रवाने गुळण्या केल्या आणि रिकाम्या सभागृहात उभे राहून शेक्सपिअरचे उतारे मोठ्याने म्हटले. सभागृहात ठिकठिकाणी ठेवलेल्या बशांवर मग तांबड्या वसाहती उगवल्या. वक्त्याच्या तोंडून उडणारे जंतू किती दूर जातात, हे त्यातून कळले. शेक्सपिअरच्या भाषेचा परिणाम मोजण्याची इतकी नेमकी पद्धत समीक्षेला अद्याप साधलेली नाही!

येथवर हसण्यासारखे आहे. पुढची घटना तशी नाही. सप्टेंबर १९५० मध्ये अमेरिकेच्या नौदलाने सॅन फ्रान्सिस्कोच्या किनाऱ्यावरून शहराच्या दिशेने या जिवाणूचे फवारे सोडले. शत्रूने जंतुयुद्ध पुकारले तर ते जंतू शहरभर कसे पसरतील, याची ती गुप्त चाचणी होती. शहरातील लाखो लोकांना कोणी विचारले नव्हते. निरुपद्रवी जिवाणूसाठी विचारायचे कशाला? त्यानंतर काही दिवसांतच शहरातील एका रुग्णालयात ११ रुग्णांच्या मूत्रमार्गात हा जिवाणू सापडला. त्या रुग्णालयात तो पूर्वी आढळत नसल्याने चकित झालेल्या डॉक्टरांनी १९५१ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. चाचणीची त्यांना कल्पनाच नव्हती. या अकरांपैकी एक वृद्ध, नुकतीच शस्त्रक्रिया झालेला, हृदयाच्या झडपांपर्यंत संसर्ग पोहोचून मरण पावला. चाचणीची बातमी फुटली ती १९७६ मध्ये. १९७७ मध्ये सिनेटपुढे सुनावणी झाली. मृताच्या कुटुंबीयांनी केलेला दावा १९८१ मध्ये न्यायालयाने फेटाळला. फवाऱ्यातील जिवाणू आणि रुग्णाच्या शरीरातील जिवाणू एकच होते, हे सिद्ध झाले नाही.

कार्यकारणाचा निवाडा आपणही करू शकत नाही. पण त्या अकरा जणांविषयी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ते सगळे आधीच आजारी होते. शहरात फवारा सोडताना ‘निरुपद्रवी’ या शब्दाच्या मागे जो देह गृहीत धरला होता तो धडधाकट माणसाचा होता. खाटेवर पडलेला, मूत्रमार्गात नळी घातलेला देह त्या शब्दाच्या हिशेबातच नव्हता.

औषधाच्या वेषात

कर्करोगाशी या जिवाणूची पहिली गाठ पडली ती रोग म्हणून नव्हे, औषध म्हणून. न्यू यॉर्कमधील तरुण शल्यचिकित्सक विल्यम कोली याने १८९१ मध्ये आपली एक किशोरवयीन रुग्ण हाडाच्या कर्करोगाने गमावली. अस्वस्थ होऊन त्याने रुग्णालयाची जुनी कागदपत्रे चाळली. त्यात त्याला एका जर्मन स्थलांतरिताची नोंद सापडली. मानेवरची गाठ पुनःपुन्हा कापूनही परत येत होती. शेवटी त्या माणसाला विसर्प, ज्याला आपल्याकडे बोलीत धावरे म्हणतात, तो झाला, आणि तापासोबत गाठही नाहीशी झाली. कोलीने न्यू यॉर्कच्या वस्त्यांत शोध घेऊन त्या माणसाला गाठले. सात वर्षांनंतरही तो ठणठणीत होता.

मग कोलीने कर्करोगाच्या रुग्णांना जाणूनबुजून विसर्पाचे जिवाणू टोचायला सुरुवात केली. काहींच्या गाठी विरघळल्या, काही रुग्ण संसर्गाने मेले. तेव्हा १८९३ पासून तो मारलेले जिवाणू वापरू लागला. फ्रान्समधील प्रयोगांत असे दिसले होते की, विसर्पाच्या जिवाणूसोबत तांबडा प्रोडिजिओसस मिसळला तर परिणामाची तीव्रता वाढते. म्हणून कोलीच्या मिश्रणात दोन घटक आले : एक मारक म्हणून ख्यातनाम, दुसरा निरुपद्रवी म्हणून. ‘कोलीचे विष’ या नावाने हे मिश्रण काही दशके वापरात राहिले. त्याच्या मिश्रणांत एकवाक्यता नव्हती, नोंदी अपुऱ्या होत्या, परिणामांची खात्री देता येत नव्हती, आणि क्ष-किरणांचा उपचार तर जोमाने पुढे येत होता. १९३६ मध्ये कोली वारला तेव्हा त्याची पद्धत बाजूला पडत चालली होती. १९६५ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ती अप्रमाणित उपचारांच्या यादीत घातली आणि १९७५ मध्ये त्या यादीतून काढलीही. आज रुग्णाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करून कर्करोगावर उपचार केले जातात. त्या विचाराचा एक पूर्वज म्हणून कोलीचे नाव आदराने घेतात. २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना याच क्षेत्रातील कामासाठी मिळाले.

दरम्यान १९४३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील मरी शिअर याने कोलीच्या मिश्रणातील प्रभावी द्रव्याचा शोध घेत सेराटिया मार्सेसेन्सपासूनच एक पदार्थ वेगळा केला. प्राण्यांच्या शरीरातील गाठी त्याने मरत होत्या, पण तो विषारीही होता. जिवाणूच्या कवचातील ते द्रव्य रक्तात मिसळले की ताप भरतो, रक्तदाब कोसळतो. ‘निरुपद्रवी’ जिवाणूच्या अंगी काय दडले आहे, ते प्रयोगशाळेला तेव्हाच दिसले होते. तरीही सात वर्षांनी त्याचेच फवारे शहरावर सोडले गेले. ज्ञान असणे आणि ते योग्य त्या टेबलावर असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ओसाड पडलेली वेस

१९४२ मध्ये येल विद्यापीठात युद्धवायूपासून निघालेले नायट्रोजन मस्टर्ड प्रथम कर्करोगाच्या रुग्णाला दिले गेले. १९४७-४८ मध्ये बॉस्टनला सिडनी फार्बर याने रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांना अमिनोप्टेरिन देऊन काही काळापुरता का होईना, रोग मागे हटविला. रसायनोपचाराचे युग सुरू झाले. ही औषधे भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात. कर्कपेशी तशा असतात, पण अस्थिमज्जेतील रक्तपेशींच्या जननी आणि तोंडापासून आतड्यापर्यंतचे अस्तरही तसेच असते. म्हणून औषधाबरोबर न्यूट्रोफिल नावाच्या, जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीही संपतात आणि त्याच वेळी आतड्याच्या भिंतीला भगदाडे पडतात. वेशीवरचे राखणदार गेले आणि तटही खचला, अशी ती अवस्था.

१९५४ ते १९६३ या काळात रक्ताच्या तीव्र कर्करोगाने मरण पावलेल्या ४१४ रुग्णांचा अभ्यास अमेरिकेत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूची मुख्य कारणे दोन निघाली : जंतुसंसर्ग आणि रक्तस्राव. प्लेटलेट देण्याची सोय वाढली तसा रक्तस्राव आटोक्यात येऊ लागला; जंतुसंसर्ग राहिला. १९६६ मध्ये बोडी, बकली, साठे आणि फ्रायराइख या चौघांचा निबंध आला. ५२ रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या आणि त्यांना झालेले संसर्ग यांचा त्यांनी मेळ घातला. घन मिलिमीटरमागे न्यूट्रोफिलांची संख्या १००० च्या खाली गेली की धोका वाढू लागतो, १०० च्या खाली तो सर्वाधिक असतो, आणि ही अवस्था जितकी लांबते तितका संसर्ग अटळ होतो, हे त्यांनी दाखविले. ‘अशक्तपणा’ या मोघम शब्दाला प्रथमच आकडा मिळाला.

आणि या रुग्णांच्या रक्तात कोण सापडत होते? स्टॅफिलोकॉकससारखे जुने शत्रू होतेच. पण १९६० नंतर त्यांच्यावरची नवी पेनिसिलिने आली तशी पाण्यातून, ओलाव्यातून आणि आतड्यातून येणाऱ्या जिवाणूंची पाळी आली. स्यूडोमोनास त्यांत अग्रणी होता. त्याच्या पाठोपाठ आपला सेराटियाही होता. त्याने वेष मात्र बदलला होता. रुग्णालयांत सापडणारे सेराटियाचे बहुतेक वाण तांबडे नसतात. शिवाय ज्यांच्यात रंग तयार करण्याची क्षमता आहे, तेही शरीराच्या ३७ अंश उष्णतेत सहसा रंग धरत नाहीत. ज्या रंगामुळे त्याला चमत्कार मानले, ज्या रंगामुळे त्याला खूण म्हणून वापरले, तो रंग तो खरा घातक ठरला तेव्हा दिसेनासा झाला. बिझिओने नावात ठेवलेला कोमेजण्याचा अर्थ अशा अनपेक्षित रीतीने खरा ठरला.

सेराटिया काही एकटा नाही. इडलीच्या पिठाला आंबवून फुगविणारा ल्युकोनोस्टॉक हा जिवाणू आपल्या स्वयंपाकघराचा जुना सेवक आहे. पीठ वाफवले की तो मरतो आणि निरोगी माणसाला त्याच्यापासून भय नाही. परंतु न्यूट्रोफिल संपलेल्या रुग्णांच्या रक्तात हाच वंश क्वचित आढळला आहे आणि व्हँकोमायसिन हे भारी प्रतिजैविक त्याच्यावर मुळातच चालत नाही. दही-ताकाच्या गोतावळ्यातील लॅक्टोबॅसिलसच्याही अशा नोंदी आहेत. स्ट्रेप्टोकॉकस बोव्हिस रक्तात सापडला तर डॉक्टर मोठ्या आतड्याची तपासणी करायला सांगतात, कारण तेथील कर्करोगाशी त्याचे साहचर्य १९७० च्या दशकात लक्षात आले. कधी जिवाणू हा रोगाचा परिणाम असतो, तर कधी न दिसलेल्या रोगाचा तो निरोप असतो.

अपुऱ्या पुराव्यावर वाचन

या इतिहासातील सर्वांत मोठे वळण आमच्या मते १९७१ चे आहे. तोवरची शिस्त अशी होती की, ताप आला तर रक्त प्रयोगशाळेत पाठवावे, जिवाणू ओळखावा आणि मग नेमके औषध द्यावे. शास्त्रीय दृष्टीने ही शिस्त निर्दोष होती. पण जिवाणू वाढायला एक-दोन दिवस लागत आणि स्यूडोमोनास रक्तात शिरलेला, पांढऱ्या पेशी नसलेला रुग्ण पुष्कळदा तेवढा वेळ जगत नसे. अहवाल बरोबर येई आणि रुग्ण गेलेला असे. बाल्टिमोर येथील स्टीफन शिम्फ आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये असे मांडले की, अशा रुग्णाला ताप येताच, जिवाणूचे नाव कळण्याची वाट न पाहता, कार्बेनिसिलिन आणि जेंटामायसिन ही दोन औषधे सुरू करावीत. मृत्यू घटले. आज औषधे बदलली आहेत, पण तत्त्व तेच आहे. ताप दिसल्यापासून तासाभरात पहिली मात्रा द्यावी, असे मार्गदर्शक संकेत सांगतात.

येथे अरिस्टँडरची आठवण होते. पुराव्याआधी अर्थ लावणे त्यानेही केले आणि शिम्फनेही. मग फरक कोणता? शकुनज्ञाने लावलेला अर्थ पुढे कोणी तपासणार नव्हते. बर्लिनच्या न्यायाधीशांनीही निवाडा आधी केला आणि त्याला साजेसा पुरावा छळातून उभा केला. वॉर्डातील डॉक्टर मात्र औषध सुरू करण्यापूर्वी रक्ताचा नमुना घेऊन ठेवतो आणि दोन दिवसांनी अहवाल आला की आपले औषध बदलतो. आपले वाचन चुकीचे ठरू शकेल अशी जागा तो आधीच राखून ठेवतो. संहितेचे वाचन शिकविणाऱ्या आपणांस यापेक्षा नेटका धडा कोठे मिळेल, असे आम्हाला वाटत नाही.

अर्थात वाटा बंद झालेल्या नाहीत. वारंवार औषधे देण्यासाठी रुग्णाच्या मोठ्या शिरेत कायमची नळी बसविण्याची पद्धत १९७० च्या दशकात रूढ झाली. रुग्णाचे हाल वाचले, पण जिवाणूला त्वचेचा अडसर ओलांडण्याचा राजमार्ग मिळाला. २००७-०८ मध्ये अमेरिकेत अशा नळ्या धुण्यासाठीच्या, आधीच भरून आलेल्या सिरिंजांत सेराटिया शिरला होता. नऊ राज्यांत १६२ रुग्णांच्या रक्तात तो सापडला. स्वच्छतेसाठी वापरलेले द्रव्यच दूषित होते. कित्येक जंतुनाशकांतही हा जिवाणू तग धरतो आणि अनेक प्रतिजैविकांना त्याचा उपजत विरोध आहे.

संधी कोणी दिली?

अशा जिवाणूंसाठी १९६० च्या दशकात एक नवे विशेषण इंग्रजीत रुळले आणि १९८१ नंतर एड्सच्या साथीबरोबर ते जगभर पोहोचले. मराठीत आपण त्याला ‘संधिसाधू’ म्हणतो. ‘निरुपद्रवी’पेक्षा हा शब्द अधिक सत्य आहे, यात शंका नाही, कारण तो परिस्थितीचे भान ठेवतो. परंतु मराठीत ‘संधिसाधू’ म्हटले की डोळ्यांपुढे पक्ष बदलणारा पुढारी येतो. नैतिक दोष जिवाणूच्या माथी बसतो आणि संधी कोणी निर्माण केली हा प्रश्न मागे पडतो. ती निर्माण केली आपल्या औषधांनी, आपल्या नळ्यांनी, आणि तीही रुग्णाला वाचविण्यासाठीच. जिवाणू मुळात पूर्वी होता तसाच राहिला. आपण वसविलेल्या नव्या वस्तीत तो येऊन पोहोचला, इतकेच.

सुझन सॉन्टॅगने १९७८ च्या ‘इलनेस ॲज मेटाफर’ या पुस्तकात रोगांना रूपकांतून सोडविण्याचा आग्रह धरला होता. स्वतःच्या कर्करोगाच्या अनुभवानंतर लिहिलेल्या या पुस्तकात स्वतःच्या आजाराची कहाणी मात्र तिने सांगितली नाही. २८ डिसेंबर २००४ रोजी ती रक्ताच्या कर्करोगाने वारली, न्यू यॉर्कच्या त्याच संस्थेत, जिच्या पूर्वावतारात विल्यम कोलीने आपली हयात घालविली होती. रूपके पूर्णपणे टाळता येतात यावर आमचा विश्वास नाही. वर आम्हीही वेस आणि तट यांचा आधार घेतलाच आहे. पण कोणते रूपक कोणाला दृष्टीआड करते, हे विचारता येते आणि विचारले पाहिजे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२० मध्ये करोनाच्या साथीत ‘सहव्याधी’ हा शब्द मराठी वृत्तपत्रांत अचानक घरोघरी पोहोचला. मृतांच्या आकड्यापुढे ‘त्यांना सहव्याधी होत्या’ असे लिहिले जाई आणि वाचणारा निरोगी माणूस थोडा निश्चिंत होई. वृद्ध, मधुमेही, रसायनोपचार घेणारे, मूत्रपिंड बदललेले, हे सगळे त्या वाक्यात हळूच वेगळ्या रकान्यात सरकविले गेले. १९५० साली सॅन फ्रान्सिस्कोत जो देह ‘निरुपद्रवी’ या शब्दाच्या हिशेबात नव्हता, तोच हा देह.

कोणताही जिवाणू स्वभावतः निरुपद्रवी किंवा उपद्रवी नसतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पटकीचा जिवाणू पटकीचाच असतो. पण असंख्य जिवाणूंच्या बाबतीत हे विशेषण त्यांच्यापेक्षा आपल्याविषयी अधिक सांगते. व्याकरणाच्या भाषेत बोलायचे तर ‘निरुपद्रवी’ या शब्दाला चतुर्थीची अपेक्षा असते : कोणाला? ती विभक्ती आपण गाळतो तेव्हा निरोगी माणूस हाच एकमेव माणूस ठरतो. पुढच्या वेळी एखाद्या औषधाविषयी, विनोदाविषयी, रूढीविषयी किंवा एखाद्या पाठ्यपुस्तकातील धड्याविषयी ‘त्यात काय, निरुपद्रवी आहे’ असे कोणी म्हणाले, तर ती गाळलेली विभक्ती जागेवर ठेवून ते वाक्य पुन्हा वाचून पाहावे. भाषेच्या शिक्षकांना एवढे काम नक्कीच करता येईल.